‘अल्ट्रासाउंड गायडन्सखाली लाइन टाकली’ एवढ्या नोंदीवर (लाइन म्हणजे शिरेत घातलेली नळी) बिलासाठी 76937, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या मदतीचा कोड, लावायचा का?

चार्टवाचक: माझं मत: नाही. सीपीटीत (वैद्यकीय प्रक्रियांच्या अमेरिकन कोडयादीत) 76937 साठी चार गोष्टी लागतात. टोचण्याच्या संभाव्य जागा अल्ट्रासाउंडने तपासलेल्या हव्यात, निवडलेली शीर मोकळी असल्याची नोंद हवी, सुई शिरेत जाताना त्याच वेळी पडद्यावर दिसलेली हवी, आणि इमेज कायमची जतन करून रिपोर्ट केलेला हवा. ‘गायडन्सखाली’ या शब्दातून फार तर तिसरी गोष्ट कळते. पाच किंवा त्याहून अधिक वर्षांच्या पेशंटची टनेल नसलेली (त्वचेखालून बोगदा करून न नेलेली) सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी) असेल तर अशा नोटवर त्या लाइनचा कोड 36556 लावावा आणि तिथेच थांबावं.

आयआर_कोडर: सहमत नाही. पॅक्समध्ये (इमेज साठवण्याच्या प्रणालीत) इमेज आहे, त्यात उजवी इंटर्नल जुग्युलर (मानेतली शीर) उघडी आणि सुईचं टोक आत दिसतंय. काम झालंय, पुरावाही आहे. एका राहिलेल्या वाक्यासाठी ते सोडून देणं डॉक्टरवर अन्याय आहे.

चार्टवाचक: इमेज वाचून ‘शीर मोकळी’ ठरवणं कोडरचं काम नाही, तो डॉक्टरचा निष्कर्ष. सोडून द्या असं मी म्हणत नाही, क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) पाठवा. पण ‘शीर मोकळी होती ना?’ असं उत्तर सुचवणारं विचारू नका. ‘निवडलेल्या शिरेबद्दल काय आढळलं?’ असं खुलं विचारा. उत्तर तारीख-वेळेसह अडेंडममध्ये (नोटच्या पुरवणीत) आलं पाहिजे.

आयआर_कोडर: मग नोटचा साचाच का नको? ते वाक्य आधीच छापलेलं ठेवा, क्वेरीचा फेराच वाचेल.

ऑडिट_डेस्क: तिथेच घात होतो. छापील वाक्य अल्ट्रासाउंड न वापरता, शरीरावरच्या खुणांवरून टाकलेल्या लाइनच्या नोटमध्येही तसंच उतरतं. ऑडिटर इमेज मागतो, ती नसते, आणि मग त्या डॉक्टरच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो. साचा ठेवा, पण रिकाम्या जागांचा: कुठली शीर, कुठली बाजू, मोकळी की गुठळी, टनेल केलं का, नळीचं टोक कुठे, कशाने पाहिलं. टनेलची नोंद नसेल तर टनेल केलेल्या लाइनचं, म्हणजे 36558 चं, काम 36556 मध्ये जातं.

पिक_लाइन: पिकला (दंडातून घातलेल्या सेंट्रल लाइनला) हा वाद लागूच नाही, तरी लोक 76937 जोडतात. 2019 पासून 36572 आणि 36573 या पिकच्या कोडमध्ये इमेजिंग धरलेलंच आहे. इमेज जतन नसेल तर पाच किंवा त्याहून अधिक वर्षांच्या पेशंटला 36569. टोकाची खात्री न करता 36573 लावलात तर मॉडिफायर 52 (काम कमी झाल्याची खूण) हवा. आणि टोक दंडाच्या शिरेतच थांबलं असेल तर ती मिडलाइन, ती पिक म्हणून लावता येत नाही.

आयआर_कोडर: रिकाम्या जागांचा साचा मला चालेल. पण मग जागा रिकामी असेल तर नोटवर सहीच होऊ देऊ नका. नाहीतर क्वेरींचा तोच ढीग पुन्हा कोडरपुढे येईल, आणि आठवड्यानंतर कुठल्या शिरेत काय दिसलं होतं हे डॉक्टरला आठवणार नाही.

चार्टवाचक: सहीला अडवणं पटतं. मात्र ‘अल्ट्रासाउंड वापरलं नाही’ हा पर्याय त्यात असलाच पाहिजे, नाहीतर सही व्हावी म्हणून काहीही भरलं जाईल.