चवथीपासून नाताळापर्यंत घरात साठणारा पुठ्ठा-कागद: कमी कसा करायचा?

अंत्रुजवासी (फोंडा):
नमस्कार मंडळी. आमच्याकडे चवथ पाच दिवसांची, जेवणाला रोज तीस-चाळीस माणसे. विसर्जन झाले की पडवीत मिठाईची पंधरा-वीस खोकी, पार्सलांचे पुठ्ठे, चकचकीत कागद आणि चंदेरी पत्रावळींचा ढीग उरतो. दिवाळीला तेच, नाताळात भेटवस्तू आल्या की परत तेच. रद्दीवाला म्हणतो, पुठ्ठा ओला आहे, मिठाईची खोकी तेलकट आहेत, नको. रद्दीत नेमके काय चालते? भाद्रपदातल्या पावसात पुठ्ठा सुका कसा ठेवायचा? आणि मुळात हे सगळे घरात कमी कसे येईल?

सुतळी_म्हापसा:
रद्दीवाल्याचे चुकत नाही. पुठ्ठा वजनावर विकला जातो, त्यात पाणी मुरले की पुढचा घेणारा वजन कापतो. बुरशी धरली तर गठ्ठाच परत येतो. तेलाचे दुखणे वेगळे. कागद गिरणीत पाण्यात कालवून त्याचा लगदा करतात. तेल पाण्यात विरघळत नाही, लगद्याला चिकटून राहते आणि नव्या कागदावर डाग उमटतात.

म्हणून मिठाईचे खोके रिकामे झाले की लगेच दोन भाग करा. झाकण बहुधा कोरडे असते, ते रद्दीत. तळाला तूप लागलेले असते, तो बाजूला. झाकणाची कड फाडून बघा. फाटलेल्या जागी पातळ पापुद्रा ताणला जाऊन लोंबला, तर वर प्लास्टिक आहे. ते झाकण रद्दीत नको, सुक्या कचऱ्यात द्या.

भेटवस्तूंच्या कागदासाठी मूठ पुरते. चुरगळून मुठीत दाबा आणि सोडा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, आपोआप उलगडला तर प्लास्टिकची फिल्म. चमकी लावलेला कागद असाही बाद. दुकानाच्या गुळगुळीत बिलावर नखाने ओरखडा ओढा. काळी रेघ उठली तर त्यावर रसायनाचा थर आहे, ते बिल रद्दीतही नको आणि खतातही नको. नारळाच्या दुधाचे किंवा रसाचे खोके म्हणजे कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर. ते विसळून, चपटे करून सुक्या कचऱ्यात.

आता पावसाचे. खोके आले त्याच दिवशी चिकटपट्टी सुरीने कापून ओढून काढा, पिना उचकटा, खोके चपटे करा. जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. आपल्याकडच्या चिरेबंदी भिंती पावसाळ्यात ओल सोडतात आणि पुठ्ठा ती टिपकागदासारखी शोषतो. चार विटा, त्यावर दोन फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर. साधारण दहा किलो झाले की सुतळीने आडवे-उभे बांधा. प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याची चूक बरेच जण करतात. ओल आत कोंडते आणि चार दिवसांत कुबट वास सुटतो. चवथ संपेपर्यंत थांबू नका, तिसऱ्या दिवशी पहिला गठ्ठा जाऊ दे.

परसबाग_डिचोली:
तेलकट तळ खतात जातो, पण पापुद्रा नसलेलाच. दोन बोटे रुंद तुकडे करा. अख्खा टाकला तर थरावर थर चिकटतात, हवा जात नाही, सगळे आंबते. एक बादली निर्माल्य आणि भाजीची देठे, तर दीड ते दोन बादल्या पुठ्ठ्याचे तुकडे व सुका पाला. तूप जास्त असेल तर एका बादलीला दोनच तळ, नाहीतर कुजणे मंदावते. चार-पाच दिवसांनी खाली-वर करा. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाणी गळले तर आणखी पुठ्ठा घाला, भुगा होऊन सुटले तर पाणी शिंपडा. खताच्या पिंपावर पत्रा हवाच. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत होते.

निर्माल्य घालण्याआधी हारांतला नायलॉनचा दोरा आणि जरी ओढून काढा. माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) केवणीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या सालीच्या, दोरांनी बांधली असेल तर दोरासकट कापून घाला. नायलॉनच्या सुतळीने बांधलेली असेल तर प्रत्येक गाठ सोडवत बसावे लागते. पुढच्या वर्षी माटोळीच्या बाजारातून केवण आणा, सुपारीचे शिपटे (घोस) आणि तोरिंगासारखे मोठे लिंबूवर्गीय फळ तिच्यावर नीट तोलतात.

चंदेरी पत्रावळीवर पापुद्रा असतो. ती ना रद्दीत जाते, ना खतात. चाळीस माणसांना केळीची मोठी पाने दहा ते चौदा लागतात, एका पानाचे तीन-चार तुकडे होतात. पाने आदल्या संध्याकाळी कापून सावलीत ठेवा. थोडी मरगळली की वाढताना चिरत नाहीत. उष्टी पाने कोयत्याने चिरूनच पिंपात टाका, अख्खे पान पाणी अडवते. पाने परवडत नसतील तर मांडववाल्याकडून स्टीलची ताटे भाड्याने आणा. धुवायला माणूस लागतो, तो आधी ठरवून ठेवा.

कांपालकर:
घरात येणेच कमी करायचे तर सुरुवात दुकानातून. मिठाईला घरचा स्टीलचा डबा न्या आणि आधी रिकामा डबा तोलायला सांगा. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळलेली फिल्म आणि सजावटीचा थर्माकोल 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. कोणी देऊ लागले तर बिनधास्त नाकारा.

भेटवस्तूंना कापड वापरा. चौकोनी तुकड्याचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट असावा. 25 सेंटिमीटरच्या खोक्याला 75 सेंटिमीटर कर्ण, म्हणजे बाजू साधारण 53. साडेपाच मीटरची, 1.10 मीटर पन्ह्याची जुनी सुती साडी 55 सेंटिमीटरच्या चौकोनांत कापली तर वीस तुकडे पडतात आणि कडा दुमडल्यावर 53 उरतात. कर्णाच्या दिशेने खोके ठेवा, समोरासमोरची टोके बांधा, मग उरलेली दोन. नाताळात शेजारी दोदोल-नेवऱ्यांसारख्या गोडाचे ताट पाठवतात तेव्हाही हाच रुमाल झाकायला घ्या आणि ताटाबरोबर परत द्या.

पणजीत महानगरपालिकेने कचरा 16 प्रकारांत वेगळा करण्याची केंद्रे उभारली. पण तिथेसुद्धा घरातून सुका आणि न मळलेला पुठ्ठा गेला, तरच वेगळे करण्याला अर्थ आहे.

आकाशकंदिलाचा सांगाडा टाकू नका. जुना पतंगी कागद ओल्या फडक्याने भिजवला की दहा मिनिटांत सुटतो. खळीसाठी दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात आधी कालवा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या होतात. कसर लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, खळीत ते असेल तर तो कागद खतात नको.

अंत्रुजवासी (फोंडा):
मुठीची परीक्षा आत्ताच केली. दहांतले सात कागद उलगडले! एक शंका: तेलकट तळ दोन दिवस बाजूला ठेवले तर मुंग्या आणि उंदीर येतील ना?

परसबाग_डिचोली:
येतील, म्हणून ठेवूच नका. त्याच संध्याकाळी तुकडे करून पिंपाच्या मधोमध पुरा, वर चार बोटे माती किंवा जुने खत. वेळ नसेल तर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, तोही एका रात्रीपुरताच. पिंपाला भोके असतील तर आतून बारीक तारेची जाळी लावा. उंदीर वरून नाही, तिथूनच शिरतो.