टोकियोची रात्र: एकच भाग धरावा की भटकावं?

रातकिडा:
टोकियोला पहिल्यांदा जाणारे एकाच रात्रीत शिंजुकू, शिबुया, रोप्पोंगी उरकायला बघतात. माझं म्हणणं, एका रात्री एकच भाग. शेवटची गाडी साडेबाराच्या आसपास, पहिली पहाटे पाचच्या सुमारास. मधे अडकलात की टॅक्सी, आणि रात्री दहानंतर तिचं भाडं २० टक्क्यांनी चढतं. शिवाय इझाकायात, म्हणजे खात-पीत बसायच्या जपानी बारमधे, टेकलं की न मागता एक छोटी वाटी समोर येते, ओतोशी. ती फुकटची नसते, माणशी ३००-५०० येन बिलात लागतात. चार ठिकाणी बसलात, चारदा मोजा.

शिंजुकूचं गोल्डन गाईच घ्या. सहा बोळ, दोनशेच्या वर बार, एकेकात सहा-आठ खुर्च्या. शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं. पहिल्या पेल्याला कोणी बघतही नाही, दुसऱ्याला गप्पा सुरू होतात. आणि नेमके तेव्हाच तुम्ही उठणार?

पायाला भिंगरी:
साफ अमान्य. शिंजुकूहून ओडाक्यू रेल्वेची एक्स्प्रेस पकडली तर शिमोकिताझावाला दहा मिनिटंही लागत नाहीत, तिथून इनोकाशिरा लाइनने शिबुया त्याहून जवळ. शिमोकिताझावातल्या लाइव्ह हाऊसचे, म्हणजे बँड वाजतात त्या छोट्या जागांचे, कार्यक्रम सहा-सातला सुरू होतात आणि दहाच्या आत आटोपतात. मग काय, दहाला झोपायचं? तळघरात बँड ऐकून शिबुयाच्या गर्दीत शिरलं की दोन्हींतला फरक अंगावर येतो. ओतोशी टाळायची तर उभ्याने प्यायचे बार आहेत, तिथे बहुधा नसते.

लिंबूसरबत:
दोघंही सगळे पितात असं धरून चाललाय! मी घेत नाही. लाइव्ह हाऊसमधे तिकिटावर एक ड्रिंक सक्तीचं असतं, साधारण ६०० येन, पण त्यात कोला किंवा चहा चालतो. शिंजुकूत महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावरून रात्रीचं शहर फुकटात दिसतं. एकटी असले तर मात्र रातकिड्याच्या बाजूने. हॉटेलपासून चालत जाता येईल तोच भाग. शिंजुकूतल्याच काबुकिचोत ‘बारमधे ओढून नेणाऱ्या दलालांच्या मागे जाऊ नका’ असं भोंग्यावरून सतत बजावत असतात, ते उगाच नाही.

रातकिडा:
ताई, एकदम पटलं. भिंगरीराव, तुमची दहा मिनिटं गाडीतली. शिंजुकू स्टेशनात बरोबर दार सापडेपर्यंत लागतो तो वेळ कुठे धरलात?

जुनं खोड:
क्लबांचं कोणीच बोललं नाही. १९४८च्या कायद्यामुळे मध्यरात्रीनंतर नाचगाण्याचे क्लब चालवायला परवानगीच नव्हती. त्या कायद्यातली सुधारणा जून २०१६ला लागू झाली. आता परवाना आणि ठरावीक उजेड असेल तर पहाटेपर्यंत चालतात. ते भरतातच शेवटची गाडी गेल्यावर. म्हणजे क्लबला जायचं ठरवलंत की भटकंतीचा प्रश्नच मिटला, पहिल्या गाडीपर्यंत तिथेच. भटकायचं ते साडेबाराच्या आधी.

पायाला भिंगरी:
खोडसाहेब, मग मी बरोबरच की! साडेसहा ते साडेबारा, सहा तास झाले. आणि रातकिडा, दार नाही सापडलं तर स्टेशनाखालची दुकानं बघू. फक्त बाहेर पडून बिअरचा कॅन फोडू नका. शिबुया स्टेशनाच्या परिसरात ऑक्टोबर २०२४पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर पिण्याला वर्षभर बंदी आहे.