‘कीव’ आली की ‘कणव’? आणि पडलेल्याला पाहून येणाऱ्या हसण्याला काय म्हणावे?

पानगळ
एका दिवाळी अंकासाठी मी इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस घसरून पडला, तर पाहणाऱ्याच्या मनात आधी दया उमटते की हसू, असा लेखाचा विषय आहे. त्यातल्या एका वाक्याचे भाषांतर मी ‘त्याला तसे पडलेले पाहून मला कीव आली’ असे केले होते. संपादकांनी ‘कीव’ खोडून ‘करुणा’ केले आणि समासात ‘कीव हा तुच्छतेचा शब्द आहे’ असा शेरा लिहिला. मला हे पटलेले नाही. माझी आजी संगमनेरकडची होती. ओझ्याने वाकलेल्या बैलाला कोणी चाबूक मारताना दिसले, की ती ओसरीवरून ओरडायची, “अरे, मुक्या जिवाची काही कीव येऊ दे!” तिच्या बोलण्यात तुच्छतेचा लवलेशही नसे.
दुसरी अडचण याहून मोठी आहे. लेखात ‘शाडनफ्रॉयड’ हा जर्मन शब्द वारंवार येतो. ‘शाडन’ म्हणजे नुकसान आणि ‘फ्रॉयड’ म्हणजे आनंद. इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला आहे. दुसऱ्याच्या फजितीने होणाऱ्या या आनंदाला मराठीत काय म्हणावे? ‘आसुरी आनंद’ लिहून पाहिले, पण केळीच्या सालीवरून घसरलेल्याला पाहून फुटणाऱ्या हसण्याला ‘आसुरी’ म्हणायला माझा हात धजत नाही.

सासवडचा मास्तर
आपल्या आजींचा वापर अस्सल आहे, तो सोडू नका. ‘कीव’ हा शब्द ‘कृपा’चाच तद्भव आहे. प्राकृतात ‘कृपा’चे ‘किवा’ होते, आणि हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात ‘ऋ’चा ‘इ’ होण्याच्या नियमात या शब्दापासूनच सुरुवात केली आहे. ‘प’चा ‘व’ होणे तर आपल्या अंगवळणी पडले आहे. दीपाचा दिवा झाला, तापाचा ताव झाला, नापिताचा न्हावी झाला. जुन्या पुस्तकांत ‘कींव’ असा अनुस्वारासह छापलेला शब्द आढळतो. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि त्यात तोही गेला.
म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी तत्सम ‘कृपा’ देवळात बसली आणि तद्भव ‘कीव’ रस्त्यावर आली. देव करतो ती कृपा आणि माणूस करतो ती कीव. माणसाने माणसाची दया केली, की ती वरून खाली केलेली वाटू लागते, आणि शब्दाचा मान तिथेच उतरतो. ‘केविलवाणा’ हादेखील याच ‘कीव’च्या कुळातला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. लाजिरवाणा आणि दीनवाणा ही त्याची भावंडे पाहा.

वऱ्हाडवाट
मास्तर, व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु आजचा वाचक हेमचंद्र वाचून अर्थ लावत नाही. आज वर्तमानपत्रात ‘त्यांच्या बुद्धीची कीव करावीशी वाटते’ असे छापून येते, तेव्हा त्यात दयेचा अंशही नसतो. माझ्या मते खरा फरक क्रियापदात आहे. कीव ‘येते’, तेव्हा ती अजून दया असते, कारण ती आपल्या मनात नसताना आत शिरते. कीव ‘करतो’ किंवा ‘करावीशी वाटते’, तेव्हा आपण उंच जागेवर उभे असतो. संपादकांनी ‘आली’ या क्रियापदाकडे लक्ष दिले असते, तर खोडण्याची गरज पडली नसती.
‘अनुकंपा’ मात्र कृपा करून घेऊ नका. माझे वडील नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी माझ्या थोरल्या बहिणीला अनुकंपा तत्त्वावर कारकुनाची जागा मिळाली. पहिली सहा-सात वर्षे कार्यालयातले लोक तिची ओळख ‘या अनुकंपावाल्या’ अशी करून देत असत. एवढा सुंदर शब्द आहे तो! ‘अनु’ म्हणजे मागोमाग आणि ‘कंप’ म्हणजे थरथर, म्हणजे दुसऱ्याच्या थरकापाबरोबर आपणही थरथरणे. तिच्या टेबलाशी मात्र कोणी थरथरल्याचे आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. ती डबा एकटीच खात असे.

बडोदेकर
बहिणीचे वाचून वाईट वाटले, पण त्यासाठी शब्दाला शिक्षा का द्यावी? सरकारी कागदावर गेल्यामुळे शब्द बाटत नाही. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांनी मराठी पुष्कळशी छापील पानांतून जपली, आणि अशा प्रत्येक शब्दाला रामराम ठोकत गेलो, तर हाती फार थोडे उरेल.
आता पानगळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. परका शब्द तसाच ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘परव्यसनसुख’ हा शब्द सुचवतो. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, म्हणून दुसऱ्याच्या संकटात वाटणारे सुख ते परव्यसनसुख. तो अर्थाने नेमका आहे आणि समासही निर्दोष आहे.

पानगळ
बडोदेकर, आपला शब्द वहीत उतरवून घेतला, पण आजचा मराठी वाचक ‘व्यसन’ म्हटल्यावर दारू आणि तंबाखू यांपलीकडे जाणार नाही. ‘परपीडा’ घ्यावे, तर त्यात पीडा देणारा आपण स्वतः असतो. माझ्या लेखातला माणूस कोणाला पाडत नाही, तो केवळ पडलेल्याला पाहतो.
हा प्रश्न मला इतका का छळतो आहे, तेही सांगते. गेल्या जुलैत एका स्थानकाच्या पादचारी पुलावर, पावसाने ओल्या झालेल्या जिन्यात, पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्या पुढे चालले होते. त्यांच्या हातात अंड्यांचा ट्रे होता, प्लास्टिकच्या दोरीने बांधलेला. त्यांचा पाय सटकला आणि ते चार पायऱ्या बसूनच खाली गेले. त्याही अवस्थेत त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता. शेवटच्या पायरीवर तो त्यांच्याच मांडीवर आदळला आणि पिवळा बलक पँटवरून ओघळू लागला. आम्ही हसलो. मीही हसले, आणि थोडेथोडके नाही, तोंडावर पदर धरण्याइतके हसले. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी कोथिंबीर घेऊन बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “लागलं का रं लेकरा?” पन्नाशीच्या माणसाला ती लेकरू म्हणाली. तिने आपल्या पाटीखालचे गोणपाट काढून त्यांच्या हाती दिले. त्यांनी गोणपाटाने पँट पुसली, फुटक्या ट्रेमधून न फुटलेली तीन अंडी वेचून रुमालात बांधली आणि कोणाकडे न पाहता निघून गेले. माझ्या त्या हसण्याचे नाव मला हवे आहे.

मांडवीतीर
आपला प्रसंग वाचून मला आमच्याकडचा एक शब्द आठवला. कोकणीत दयेला ‘काकळूट’ म्हणतात. देवाजवळ मागतात ती काकळूट, आणि शेजाऱ्याविषयी वाटते तीही काकळूटच. मी मराठी शाळेत शिकलो, तेव्हा ‘काकुळतीला येणे’ हा वाक्प्रचार प्रथम भेटला आणि माझा मोठा गोंधळ उडाला, कारण मराठीत काकुळतीला येतो तो गांजलेला माणूस, आणि आमच्याकडे काकळूट असते ती त्याला पाहणाऱ्याच्या मनात. दोन शब्द एका मुळाचे आहेत की नाहीत, हे जाणकारांनी सांगावे. एक असतील, तर मांडवीच्या काठावर ज्याला दया म्हणतात, ती थोडे वर गेल्यावर याचना होते. ‘करुणा’चेही तसेच आहे. समर्थांच्या ‘करुणाष्टकां’तली करुणा ही भाकलेली करुणा आहे.

शब्दार्थी
म्हणूनच संपादकांचा ‘करुणा’ हा शब्द मला तितकासा निर्धोक वाटत नाही. शिवाय त्याच्या शेजारीच ‘करुण’ उभा आहे. नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव शोक आहे, दया नव्हे.
हसण्याच्या शब्दांत मराठी तेवढी गरीब नाही. ‘हसू’ आणि ‘हसे’ यांतला फरक पाहा. हसू येते ते पाहणाऱ्याला आणि हसे होते ते पडणाऱ्याचे. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन शब्दांनी प्रसंगाच्या दोन्ही बाजू वाटून घेतल्या आहेत. जिन्यात पानगळ यांना हसू आले आणि त्या गृहस्थांचे हसे झाले. जर्मन शब्दात पडणाऱ्याची ही बाजू कुठे आहे?
पडलेल्याला हसण्याचे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण मयसभेतले आहे. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे द्रौपदी म्हणाली, ही कथा घरोघरी सांगितली जाते, परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य नाही. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा तिथे भीम हसतो, अर्जुन आणि जुळे भाऊ हसतात, सेवकही मोठ्याने हसतात. द्रौपदी स्त्रियांसह हसली, हे पुढे दुर्योधन स्वतः धृतराष्ट्राला सांगतो. माझे लक्ष मात्र नेहमी त्याच श्लोकाच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे जाते. ज्या सेवकांनी हसे केले, तेच सेवक राजाच्या आज्ञेवरून त्याला कोरडी, चांगली वस्त्रे आणून देतात. युधिष्ठिराने वस्त्रे दिली म्हणून हसणे पुसले गेले नाही. दुर्योधनाच्या मनात हसणे तेवढे राहिले.

सासवडचा मास्तर
शब्दार्थी, फार चांगले दाखवलेत. परंतु हसणे नैसर्गिक आहे, असा सूर येथे लागू पाहतो आहे, त्याला माझा विरोध आहे. मी एकतीस वर्षे शिकवले. वर्गात एखादा मुलगा बाकावरून पडला की सारा वर्ग हसतो, हे खरे आहे. पण ज्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणी पडून पाय मोडून घेतलेला असतो, तो मुलगा हसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा प्रश्न स्वभावाचा कमी आणि ओळखीचा जास्त आहे. ‘परदुःख शीतळ’ असे आपण म्हणतो, त्यात ‘दुःख’ शीतळ नसते, ‘पर’ शीतळ असते.
आणि इतका वेळ एका शब्दाचे नाव कोणी कसे घेतले नाही? ‘बुडती हे जन न देखवे डोळां। येतो कळवळा म्हणूनियां।’ असे तुकोबांनी म्हटले आहे. पोटात कळ आली की माणूस कळवळतो. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्या पोटात तीच कळ उठली, की तो कळवळा. अनुकंपेतली थरथर आणि कळवळ्यातली कळ ही एकच गोष्ट आहे, पण कळवळा कोणत्याही तत्त्वावर देता येत नाही. पानगळ, ‘मला कळवळा आला’ असे लिहा.

बडोदेकर
मास्तर, येथे मी आपल्याशी सहमत नाही. अंड्यांचा ट्रे फुटला, त्याला कळवळा? बुडणाऱ्या जनांसाठी वापरलेला शब्द मांडीवरच्या बलकासाठी वापरला, तर उद्या खऱ्या बुडणाऱ्यासाठी काय उरेल? येथे ‘हळहळ’ पुरेशी आहे. आपण चुकचुकतो, ‘अरेरे’ म्हणतो, ‘बिचारा’ म्हणतो. ‘बिचारा’ फारसी आहे, चारा म्हणजे उपाय नसलेला, पण त्याला मी परका मानत नाही.

वऱ्हाडवाट
बडोदेकर, परव्यसनसुखाचा आग्रह धरणाऱ्या आपल्याला ‘बिचारा’ चालतो, याचा मला मनापासून आनंद झाला. मग वापराचा न्याय सर्वच शब्दांना लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ट्रेविषयी मात्र मी मास्तरांच्या बाजूचा आहे. तीस अंडी म्हणजे कोणाच्या तरी गाडीवरचा दिवसभराचा धंदा असू शकतो. ते गृहस्थ उरलेली तीन अंडी रुमालात बांधून घेऊन गेले, हे पानगळ यांनीच लिहिले आहे. हौसेने अंडी नेणारा माणूस ती तीन अंडी वेचत बसत नाही.

पानगळ
वऱ्हाडवाट, हे माझ्या लक्षात आले नव्हते. इतके दिवस मी पिवळा बलकच पाहत होते.
शब्दाकडे परत येते. कीव, करुणा, कळवळा आणि हळहळ असे चारही शब्द घालून ते वाक्य वाचून पाहिले. चारही बरोबर वाटतात आणि चारही त्या म्हातारीपुढे उणे पडतात. तिने यांतला एकही शब्द उच्चारला नव्हता, ती केवळ ‘लेकरा’ म्हणाली होती. आपल्या भाषेतली दया नामात कमी आणि संबोधनात जास्त असते, असे आता मला वाटू लागले आहे. अनोळखी माणसाला आपण काका, मावशी, दादा, बाळा म्हणतो आणि त्या एका हाकेने तो ‘पर’ राहत नाही. मूळ इंग्रजी लेखात मात्र संबोधनच नाही, तेव्हा भाषांतरात ते आणू कुठून?

मांडवीतीर
संबोधनावर एवढा भार टाकू नये, अशी माझी विनंती आहे. बसमध्ये ‘मावशी, पुढे सरका’ म्हणत ढकलणाऱ्यालाही मावशी हाच शब्द लागतो. आपण ऐकलेली दया त्या ‘लेकरा’त असेलही, पण मला ती गोणपाटात अधिक दिसते.

शब्दार्थी
गोणपाट तर युधिष्ठिराच्या सेवकांनीही दिले होते. फरक एवढाच आहे, की तेथे आधी हसणे झाले आणि मग वस्त्रे आली, आणि येथे जी हसली नाही तिनेच गोणपाट दिले. पानगळ, मूळ लेखात दया आणि हसू यांचा क्रम काय आहे? आधी हसू आणि मग दया असेल, तर ‘हसू ओसरले आणि कीव आली’ असे लिहिता येईल. त्या क्रमात संपादकांनाही ‘कीव’ उंचावरून आलेली वाटणार नाही, असा माझा कयास आहे.

पानगळ
मूळ वाक्यात ‘त्याच क्षणी’ असे आहे.