त्रास नाही तेव्हाच ही तपासणी करायची असते

ताई, वडिलांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होणारा आजार) होऊन नऊ वर्षं झाली, सध्या काहीच त्रास नाही, मग रंग फवारून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) कशाला, असं तुम्ही विचारलंत. माझ्या धाकट्या भावाची ही तपासणी झाली आहे, म्हणून लिहिते.

या आजारात पुढे आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून आजार सुरू झाल्यावर साधारण आठ वर्षांनंतर अशी पाहणी सुरू करतात. पित्तनलिकांचा पीएससी हा आजारही असेल तर त्याचं निदान झाल्यापासूनच, दरवर्षी. सूज असताना केली तर सुजेचा बदल कुठला आणि कॅन्सरपूर्व कुठला, हे ओळखणं अवघड जातं. या आजारात असे बदल बऱ्याचदा चपटे, अस्तरात मिसळून गेलेले असतात. म्हणून निळा रंग फवारतात: इंडिगो कार्मिन हा रंग बारीक खाचांत साचतो, मिथिलीन ब्लू हा रंग पेशी शोषून घेतात. भावाच्या वेळी पडद्यावर आधी सगळं सपाट गुलाबी होतं; निळा रंग पडला आणि रेघ न् रेघ उमटली. आमच्या घरी माग होता. चादर उजेडाकडे धरली की तुटका धागा दिसतो, अगदी तसं. मग संशयित जागेचाच तुकडा नेमका घेता येतो.

पोट मात्र पूर्ण साफ हवं. भावाने आदल्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, पहिल्या खेपेला तपासणी अर्ध्यावर सोडावी लागली! वडिलांना पथ्य नीट पाळायला लावा. मिथिलीन ब्लू वापरलं तर नंतर लघवी हिरवट-निळी होऊ शकते, घाबरू नका. जुने बायोप्सी (तुकडा तपासणीचे) रिपोर्ट सोबत न्या.