जुना डिशवॉशर लावला की बाराव्या मिनिटाला अख्ख्या घराची लाईट जाते

कुकरची_शिट्टी
मंडळी, जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. आमच्याकडे १२ जणांच्या भांड्यांचा डिशवॉशर आहे, ११ वर्षं जुना, आजवर एक पाण्याचा पाईप सोडला तर त्याने काही खर्च काढला नव्हता. मध्ये दीड महिना आम्ही लेकीकडे बंगळुरूला होतो, मशीन बंदच होतं. परत आल्यावर लावलं, पाणी घेतलं, आत फसफस सुरू झाली, मी म्हटलं चला सुटलो, आणि बारा मिनिटांनी खट्ट! फ्रीज, पंखे, राऊटर, सगळं गार. बोर्डावर बघितलं तर छोटे एमसीबी सगळे वर, तो रुंद वाला, ज्याच्यावर टेस्टचं बटण असतं, तो खाली. वर केला, परत लावलं, परत बाराव्या मिनिटाला तेच. तीन वेळा झालं, आत कढई तशीच खरकटी.

वायरमन बोलावला, त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला ताई तुमचा ईएलसीबीच (तोच रुंद खटका) खराब आहे, काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो, दोनशे द्या. आमच्या ह्यांना पटलं पण होतं, मीच थांबवलं, काय माहीत का, मनाला बरं वाटेना. बरोबर केलं ना? की उगाच शहाणपणा केला?

(पुण्यात राहतो, बिल्डिंग २० वर्षं जुनी, मशीन स्वतंत्र १६ अँपियरच्या सॉकेटवर आहे, एक्स्टेन्शन नाही.)

उंटावरचा_शहाणा
११ वर्षांचं मशीन म्हणजे माणसाचं पंच्याऐंशी झालं की हो. भंगारवाल्याला द्या, भांड्यांना मावशी लावा, मशीनला लाईट लागते, मावशींना फक्त चहा लागतो.

कुकरची_शिट्टी
मावशी लावल्या होत्या, त्या गावाला गेल्या की मीच मावशी. म्हणून तर हे घेतलं. पुढे बोला.

नाशिकचा_वायरमन
ताई, एकदम बरोबर केलंत. जो माणूस ट्रिप होतंय म्हणून ईएलसीबी काढायला सांगतो त्याला परत घरात घेऊ नका. तो खटका पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढा न्यूट्रलमधून परत यायला पाहिजे, कमी आला म्हणजे बाकीचा कुठेतरी बॉडीतून अर्थिंगला पळतोय. घरातला आरसीसीबी (आपण सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतो) साधारण ३० मिलिअँपियरचा असतो, आणि नियमाप्रमाणे तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. डायरेक्ट केला तर मशीन चालेल हो, पण ज्या दिवशी अर्थिंगची वायर ढिली होईल त्या दिवशी ओल्या हाताने दार उघडलं की करंट तुमच्यातून जाईल. तीन पिनमधली मोठी पिन कापायचा सल्लाही कोणी देईल, त्यालाही तेच उत्तर.

आता बारा मिनिटं. ही तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. प्लग घातल्या घातल्या ट्रिप झालं तर वायर, प्लग किंवा आतला लाईटचा फिल्टर (खरकट्याचा नव्हे) बघायचा. पाणी घेताना झालं तर पाण्याचा व्हॉल्व्ह. फवारा सुरू होताना झालं तर मोटर. आणि हे सगळं नीट होऊन दहा-पंधरा मिनिटांनी झालं तर शंभरातल्या नव्वद वेळा हीटर, कारण तेव्हाच तो चालू होतो. हीटरच्या नळीत तार असते, तिच्याभोवती पांढरी पावडर भरलेली असते, नळीला बारीक चीर गेली किंवा टोकाचं सील गेलं की ती पावडर ओल धरते, मग तार ते बॉडी लिकेज सुरू. मशीन पावसाळ्यात दीड महिना बंद, म्हणजे संशय अजून पक्का.

घरच्या घरी एकच करा, मशीन न उघडता. थंड पाण्याचा प्रीवॉश किंवा नुसतं खळखळायचा प्रोग्राम लावा, त्यात हीटर लागत नाही. पूर्ण झाला तर हीटर, मध्येच पडला तर दुसरं काही. आणि हो, तपासायला मशीन बंद करायचं म्हणजे प्लगच काढायचा, नुसतं बटण नाही, आपल्या सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे बॉडीला टेकत असेल तर बटण बंद असूनही घरात दुसरं काही लावलं की खटका पडतो आणि लोक मिक्सरला शिव्या देतात.

कुकरची_शिट्टी
दादा, थंडवाला प्रोग्राम लावला, १५ मिनिटांचा, पूर्ण झाला! नंतर लगेच ६५ डिग्रीवाला लावला, अकरा मिनिटं आणि काही सेकंद, खट्ट. मग ह्यांनी प्लग काढून खालची पट्टी उघडली, मल्टिमीटर लावला, हीटरच्या दोन टोकांमध्ये २७ ओहम आलं, टोक ते बॉडी असं बीपवाल्या रेंजवर बघितलं तर बीप काही वाजला नाही. म्हणजे हीटर चांगला आहे असं हे म्हणतायत आणि मला पुन्हा वायरमनचाच मोबाईल नंबर शोधायला सांगतायत.

रेझिस्टन्सबाबा
२७ ओहम एकदम ठीक, २३० व्होल्टवर साधारण १९५० वॅट होतात, म्हणजे तार तुटलेली नाही. पण बीपवर अजिबात जाऊ नका. बीप वाजायला रेझिस्टन्स शे-पन्नास ओहमच्या आत लागतो आणि तुमचा ईएलसीबी पाडायला किती लागतं माहितीये का, २३० भागिले ०.०३, म्हणजे जवळपास ७७०० ओहम पुरे. तो बीपला ऐकूच येणार नाही. मीटर २० मेगओहमच्या रेंजला ठेवा, हीटरच्या दोन्ही वायरी काढून ठेवा (फोटो काढा आधी, नंतर कुठली कुठे ते आठवत नाही, अनुभव आहे), मग टोक ते नळी बघा. काही किलोओहम आलं तर झालंच. काही नाही आलं तरी पूर्ण खात्री नाही, मीटर दोन-चार व्होल्टच देतो, लिकेज काही वेळा खऱ्या व्होल्टेजलाच दिसतं, त्याला मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजायचा मीटर, ५०० व्होल्टचा.

नाशिकचा_वायरमन
बाबा बोलले ते बरोबर. मेगरवाला माणूस शोधा ताई, पंप रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतो हमखास. मेगर लावायच्या आधी हीटरच्या वायरी कार्डपासून (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डापासून) सुटलेल्या पाहिजेत, नाहीतर ५०० व्होल्ट कार्डात जातील आणि मग खरंच भंगारवाला. आणि मशीन आडवं करायच्या आधी आतलं पाणी काढा, नळ बंद करा.

राईनकाठी
इकडे जर्मनीत ह्या खटक्याला एफआय म्हणतात आणि आमच्याकडेही डिशवॉशरनेच पाडला होता. आमचा हीटर नव्हता, दाराच्या बिजागरीतून जाणारी वायर रोज उघडझाप होऊन सोलली होती. तुमचं वेळेचं गणित वेगळं आहे पण पट्टी उघडलीच आहे तर तेही बघून घ्या.

कुकरची_शिट्टी
सगळ्यांना अपडेट. जरा लांबलं कारण मधे सुट्ट्या आल्या आणि त्या मेगरवाल्या काकांना गणपतीच्या मंडपांच्या वायरिंगची घाई होती.

काका आले, बाबांनी सांगितलं तसं वायरी सोडवल्या, मेगर लावला, काटा शून्याला चिकटला तो हललाच नाही. मग मशीन आडवं केलं. खाली हीटर जिथे मोटरच्या बाजूला बसतो तिथे बघितलं तर त्याच्या एका टोकावर पांढरी खडूसारखी पापडी धरलेली, टोकाचं पितळ हिरवं झालेलं, आणि वर बघितलं तर मोटरच्या सीलमधून एक बारीक ओघळ सुकलेला, नेमका त्याच टोकावर उतरलेला. बोअरचं पाणी आमचं, क्षार असे की बादलीला पण थर धरतो. काकांचं म्हणणं, दीड महिना कोरडं राहून ते रबरी सील कडक झालं, मशीन सुरू झाल्यावर थेंब थेंब गळायला लागलं, आणि तो थेंब बसला करंट जाणाऱ्या टोकावर. हीटर चालू झाला की लिकेज. म्हणजे हीटर बिचारा मार खाणारा, मारणारा सील! नुसता हीटर बदलला असता तर महिनाभरात पुन्हा तेच झालं असतं असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं, पापडी डोळ्यांनी बघितली ना.

टोक सडलं होतं म्हणून हीटर पण बदलला, सील बदललं, दोन्ही मिळून साडेतीन हजार, मेगर आता १०० मेगओहमच्या वर दाखवतो. बिजागरीतल्या वायरी पण बघितल्या, ठीक आहेत.

रात्री ६५ डिग्रीवाला लावला, मी आणि हे दोघं टॉर्च घेऊन बोर्डाखाली उभे, हातात घड्याळ, कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं रॉकेट सोडतायत. अकरा, बारा, तेरा... चौदाव्या मिनिटाला हे टॉर्च ठेवून झोपायला गेले.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे भंगारवाल्याला नको ना पाठवू?

कुकरची_शिट्टी
तुमच्या उंटाला घेऊन जाईल असं वाटलं तर पाठवा. काकांनी खाली वर्तमानपत्र घालून ठेवायला सांगितलंय, गळलं तर डाग दिसेल म्हणून. रोज सकाळी ओणवी होऊन बघते, तीन दिवस झाले, कोरडं आहे.