फिरोजी सांडपाण्यात तांबे-निकेल: एचपीएलसीवर डीडीटीसी वापरताना आकडे जुळत नाहीत

अक्कलकोट_रोड:
सोलापुरातल्या टॉवेल रंगवणाऱ्या युनिटच्या सांडपाण्यात तांबे आणि निकेल मोजायचे आहे. एएएस (धातू थेट मोजणारे अणू-शोषण यंत्र) नाही, एचपीएलसी (द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारे यंत्र) आहे: सी-१८ कॉलम, २५० × ४.६ मि.मी., ५ मायक्रॉन, डिटेक्टर २५४ नॅनोमीटरवर. नमुना गाळतो, ईडीटीए-सायट्रेट (धातू द्रावणात धरून ठेवणारी द्रव्ये) घालून पीएच ९ करतो, मग डीडीटीसी (धातूशी रंगीत संयुग बनवणारा अभिकर्मक), क्लोरोफॉर्ममध्ये एक्स्ट्रॅक्शन, सुकवून मेथॅनॉलमध्ये. पाणी गडद फिरोजी असूनही तांबे जेमतेम दिसते. निकेल नमुन्यात नाहीच, उलट ब्लँकमध्ये (नमुन्याशिवाय केलेल्या चाचणीत) निकेलच्याच वेळेला पीक (आलेखातले शिखर) येतो.

रंगहौद:
फिरोजी रिअॅक्टिव्ह डाय बहुधा कॉपर थॅलोसायनिनचा (वलयाकार रेणूचा) असतो. तांबे त्या वलयाच्या मधोमध पक्के बसलेले असते, डीडीटीसी ते ओढून काढू शकत नाही. तुम्हाला दिसते ते फक्त सुटे तांबे. आधी वलय फोडा.

१०० मि.ली. न गाळलेला नमुना, ५ मि.ली. तीव्र नायट्रिक, फ्यूम हूडमध्ये मंद आचेवर १५ मि.ली.पर्यंत आटवा. कोरडा पडू देऊ नका. फिरोजी झाक पूर्ण गेली पाहिजे. राहिली तर पुन्हा नायट्रिक. शेवटी २ मि.ली. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेत तर बुडबुडे थांबेपर्यंत उकळून ते घालवा, कारण उरलेले पेरॉक्साइड डीडीटीसीलाच ऑक्सिडाइज करते. ब्लँकही याच वाटेने न्या.

आणि ईडीटीए काढून टाका. ती पद्धत एकट्या तांब्यासाठी आहे. ईडीटीए निकेल धरून ठेवतो, म्हणून नमुन्यात निकेल सापडत नाही. लोखंडाचा साका बसू नये म्हणून सायट्रेट पुरे. पीएच अमोनियाने ८.५ ते ९ करा, आधी पीएच आणि मगच डीडीटीसी: आम्लात ते मिनिटांत फुटते. १ टक्का द्रावण रोज ताजे करा, वापरण्यापूर्वी क्लोरोफॉर्मने धुवून घ्या.

स्तंभ_सी१८:
ब्लँकमधला पीक निकेलचाच आहे का, हे आधी पाहा. डीडीटीसी ऑक्सिडाइज झाले की थाययुरॅम डायसल्फाइड बनते आणि २५४ वर तेही दिसते. निकेलसाठी ३२५, तांब्यासाठी ४३६ नॅनोमीटर लावा. ३२५ वर पीक जवळजवळ गायब झाला तर तो डायसल्फाइडचा.

टिकला तर नुसते मेथॅनॉल आणि नुसते डीडीटीसी अशी दोन इंजेक्शने द्या. दुसऱ्यातच आला तर अभिकर्मकातला निकेल किंवा यंत्रातली स्टीलची सुई, फ्रिट (गाळणी), लूप (नमुना भरण्याची नळी) यांतून सुटणारा. कॉलम काढून जागी युनियन (साधा जोड) लावा, ०.०५ मोलर ईडीटीए १ मि.ली./मिनिट वेगाने तासभर चालवा, मग भरपूर पाणी. मेथॅनॉल आधी पाण्याने पूर्ण घालवा, नाहीतर ईडीटीएचे स्फटिक पंपात बसतात. शक्य तिथे पीक नळी वापरा (हा पीक म्हणजे प्लास्टिक).

अक्कलकोट_रोड:
धन्यवाद दोघांनाही. याच इंजेक्शनमध्ये क्रोमियम निघेल का?

रंगहौद:
भरवशाचे नाही. क्रोमियम-३ थंडपणी डीडीटीसीशी जवळपास जुळत नाही, आणि क्रोमियम-६ दोन वेगळी संयुगे देते, म्हणजे दोन पीक. त्यात नायट्रिक-पेरॉक्साइडनंतर मूळ किती क्रोमियम-६ होते हेही कळत नाही. क्रोमियम-६ साठी न फोडलेला वेगळा नमुना ठेवा. तांब्याचा क्लोरोफॉर्म अर्क मात्र उजेडात फिका पडतो, तपकिरी बाटलीत ठेवून त्याच दिवशी इंजेक्ट करा.