खोडून खोडून भोक पडलेली वही

काल कपाट आवरताना लेकीची दुसरीतली वही हाती लागली. एका पानावर 'ळ' खोडून खोडून कागदाला भोक पडलंय, भोवती काळपट डाग. उजेडाकडे धरलं तर आजूबाजूचा कागदही झिरझिरीत झालेला. ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. "घाण आला" म्हणून ती रडतेय, आणि मी "अगं, छान आलाय" म्हणतेय. छान नव्हताच आला, आणि तिला ते कळत होतं. शेवटी म्हटलं, "हो, वाकडा आलाय. पण वाचता येतोय." तशी गप्प झाली, नाक पुसलं आणि पान उलटलं. तुमच्याकडच्या आठवणी लिहा ना.

— आमच्याकडे उलटं. मुलाला स्वतःचं सगळं चालतं, दुसऱ्याचं नाही. मित्राचा धक्का लागून पत्त्यांचा बंगला पडला, तर चार दिवस अबोला. मग एकदा मुलाच्याच हातून माझा चष्मा फुटला. मी ओरडले नाही, तेवढं त्राणच नव्हतं. रात्री अंधारात म्हणतो, "आई, त्याचाही हात चुकूनच लागला असेल का गं?" धाकटी उठली, नंतर लिहिते.

— ताई, डोळे भरून आले. आमच्याकडे 'क्ष' होता.

— मी मुलांचं समुपदेशन करते. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये बिनचूकपणाच्या या अट्टहासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि 'सगळ्यांना माझ्याकडून बिनचूकच हवंय' ही भावना. मला तिसऱ्याचीच जास्त काळजी वाटते. अशी मुलं चुका लपवतात, पानं फाडतात. वही पातळ होत चाललीय का, बघत जा.

— पानं मीही फाडायचो. बाबा एकदा पत्र लिहीत होते, शब्द चुकला. त्यावर एक आडवी रेघ मारली आणि पुढे लिहीत राहिले. पत्र तसंच पाकिटात घातलं. मी बघतच राहिलो. त्यांनी मला कधी काही समजावलं नाही, पण ती रेघ लक्षात राहिली.

— शाईचं पेन होतं का? माझा मुलगा डावखुरा आहे, लिहिलेल्यावरून हात घासून सगळं फासतं. वहीवर 'अस्वच्छ' असा शेरा आला की जेवत नाही.

— अरेरे, पोराचा काय दोष! वहीचा वरचा भाग उजवीकडे झुकवून ठेवा, हात ओळीच्या खाली राहतो. माझ्या भाचीला उपयोग झाला.

— चष्म्याचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी मित्राला स्वतःच बोलावून आणलं. बंगला तिसऱ्या मजल्यावर पडला. कोणाच्या हातून, ते मी विचारलं नाही.

— लेकीला वही दाखवली. भोकात बोट घालून बघितलं, मग पुढच्या पानावरचा ळ शोधत बसली. तोही वाकडाच आहे.

— डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते ना?

— हो, पाती उलट बाजूंना असतात. घ्याच.